जाड्याचा ड्रायव्हर आणि मावशीचा हात

आमच्या मावशीचा हात कामातून गेला, ही बातमी आधी कारखान्यात फिरली, मग गल्लीत, आणि मग भाजीच्या पिशवीबरोबर थेट आमच्या स्वयंपाकघरात आली. आणली भाजीवाल्या काकूंनी. "तुमची बहीण म्हणे हल्ली रोज सुया मोडते. हात थरथरायला लागलाय म्हणे. खुर्चीवरून उठवणार म्हणे तिला." या काकू वाक्यागणिक एक 'म्हणे' टाकतात, म्हणजे उद्या काही खोटं निघालंच तर ते 'म्हणे'च्या अंगावर. मी त्यांची नक्कल करायला तोंड उघडलं, तर आईनं डोळे असे वटारले की तोंड तसंच उघडं राहिलं.

तर ही बातमी चूक आहे. मावशीच्या हाताला नवीन काहीही झालेलं नाही. हे मी तेव्हाही छातीठोकपणे सांगत होते आणि आजही सांगते. फरक इतकाच, की तेव्हा मला वाटत होतं की मला सगळं माहीत आहे.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते आणि भरतकामाच्या कारखान्यात पंचिंग करते. पंचिंग म्हणजे काय, हे मी आल्यागेल्याला सांगून दमले आहे, तरी पुन्हा सांगते. टोप्यांवर, शर्टांवर कंपन्यांची आणि क्लबांची जी चिन्हं भरलेली असतात, ती भरणारं मशीन दिसायला दांडगं, पण डोक्यानं ठार मठ्ठ असतं. त्याला एवढंच कळतं : इथे टोच, आता तिथे टोच. मग कुठे टोचायचं ते कुणीतरी सांगायला हवं. मावशी कॉम्प्युटरवर चित्र उघडते आणि माउसनं टिचक्या मारत टाके मांडत जाते. टिचकी मारली की टाका. एका तळहाताएवढ्या बिल्ल्यात हजारो टाके मावतात, आणि त्यातला एक जरी चुकून एकाच जागी दोनदा पडला, तिथेच तिसरा पडला, की दोऱ्याची गाठ होते, सुई त्या गाठीवर आपटते आणि 'टक्' करून मोडते.

आता कुणाला वाटेल, एवढं बारीक काम करणारी बाई शांत, सोशिक, खाली मान घालणारी असेल. छे! मावशी स्वतःचं कौतुक करायला दुसऱ्यावर अवलंबून राहत नाही. "माझ्यासारखं पंचिंग करणारं माणूस मला अजून भेटायचंय," ती म्हणते, "आणि भेटलंच तर मी त्याच्या चुका काढीन." उभी राहिली की हाताची घडी आणि हनुवटी वर, जणू आत्ता कुणी फोटो काढणार आहे. चहाचे पेले ती कधी उचलून आणत नाही. "मी काय वाढपी आहे?" सही करायची तर कागदावर हाताची मूठच टेकवते, दार ठोठावल्यासारखी, आणि मग पेन फिरवते. मी घरी मावशी करून दाखवते तेव्हा हाताची घडी घालून नुसती उभी राहिले तरी आई हसून लोळते. मावशी स्वतः बघते आणि म्हणते, "हनुवटी अजून वर घे. मी एवढी गरीब दिसत नाही."

तिच्या माउसचं नाव जाड्या. नाव मीच ठेवलं. पिवळट पडलेला, वायरवाला, एवढा मोठा की तळव्याखाली अख्खी अंघोळीच्या साबणाची वडी धरल्यासारखं वाटतं. कारखान्यात तिघांनी तिला नवे, नाजूक, बिनवायरीचे माउस आणून दिले. तिन्ही ड्रॉवरमध्ये आहेत. "ते मला हरभऱ्याच्या दाण्यासारखे वाटतात," मावशी म्हणते.

सगळं सुरू झालं ते जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा. एके सकाळी त्यानं एक लांब 'पीऽऽ' केलं आणि संपला. मालकांनी नवा आणला आणि तो जोडायला आला कॉम्प्युटरवाला. याला सगळे 'झालंच' म्हणतात, कारण तो पिशवीतून पेचकस काढायच्या आधीच म्हणतो, "झालंच समजा." त्यानं जाड्याची वायर मागे खुपसली, पडद्यावरचा बाण हलला, आणि तो म्हणाला, "बघा, झालंच!" आणि गेला.

त्या दिवसापासून सुया मोडायला लागल्या.

माझी परीक्षा संपली होती आणि घरी करमत नव्हतं, म्हणून मी मावशीबरोबर कारखान्यात जाऊन बसायचे. त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे, त्यात एकही 'म्हणे' नाही.

एका क्लबाचं मोठं काम आलं होतं : टोप्या, बिल्ले, शर्ट, सगळ्यांवर पंख पसरलेला पक्षी. मावशीनं पक्षी पंच केला आणि मशीनवर पाठवला. मशीन चालवणाऱ्या ताईला आम्ही 'आकाशवाणी' म्हणतो, कारण मशीनच्या आवाजावर बोलून बोलून तिचा आवाज कायमचा वर गेला आहे आणि तिनं कानात सांगितलेली गोष्ट जिन्यावर ऐकू येते. मशीन धडधडलं, पक्ष्याचं अर्धं शेपूट झालं, आणि टक्.

"ताईऽऽ! मोडलीऽऽ!"

नवी सुई घातली. शेपूट पूर्ण झालं. पंख लागला. टक्.

"ताईऽऽ! परत मोडलीऽऽ!"

पंखाच्या टोकाला तिसरी मोडली, तेव्हा तिला ओरडावंच लागलं नाही. मालक स्वतः येऊन उभे होते. कापड उलटं केलं तर मागे दोऱ्याचा एवढा मोठा गुंता, की पक्ष्यानं स्वतःचं घरटंही सोबत आणलंय असं वाटावं. मावशीनं पडद्यावर पंख मोठा करून पाहिला. मी मागून पाहत होते. माझा विश्वासच बसेना. जिथे एक टाका हवा तिथे दोन, तीन, काही ठिकाणी चार, एकमेकांच्या डोक्यावर बसलेले. आणि पंखाची कड, मावशीची ती सुरीनं कापल्यासारखी कड, करवतीसारखी दातेरी.

मावशी काहीच बोलली नाही. मावशी! काहीच बोलली नाही! मला तिथेच धडकी भरली.

मालक प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'काय म्हणतो मी?' लावतात. ते म्हणाले, "बाई, राग मानू नका. वय सगळ्यांचं होतं, काय म्हणतो मी? शनिवारी क्लबवाले नमुना बघायला येतायत. नमुना नीट उतरला तर प्रश्नच नाही. नाहीतर सोमवारपासून तुम्ही धागे कापायच्या टेबलावर बसा. पंचिंग माझा पुतण्या बघेल. त्याच्याकडे असा प्रोग्रॅम आहे, चित्र टाकलं की टाके आपोआप पडतात, काय म्हणतो मी?"

"आपोआप पडलेले टाके आपोआप उसवतात, मालक."

ही माझी मावशी! पण आवाज नेहमीचा नव्हता. धागे कापायचं टेबल म्हणजे दाराजवळचं लांब टेबल, जिथे नवीन लागलेल्या मुली बसून टोप्यांवरचे सुटे दोरे कातरतात. काम वाईट नाही. पण ज्या बाईनं तिथल्या प्रत्येक मशीनला टोचायला शिकवलं, तिनं तिथे जाऊन दुसऱ्यानं मांडलेल्या टाक्यांची शेपटं कातरायची?

"हात नाही, मालक," मावशी म्हणाली. "ड्रायव्हर."

ड्रायव्हर म्हणजे गाडीवाला नव्हे, माउसचं म्हणणं कॉम्प्युटरला समजावून सांगणारा प्रोग्रॅम. झालंचला बोलावणं गेलं.

"अहो काकू," झालंच म्हणाला, "माउसला कसला आलाय ड्रायव्हर? वायर खुपसली की चालतो. हा बघा चालतोय! झालंच!"

"चालतोय. पण माझ्या सांगण्यावरून नाही चालत. आणि काकू कुणाला म्हणतोस?"

"बरं, ताई. पण हल्ली कॉम्प्युटर स्वतःच ड्रायव्हर लावतो."

"लावतो ना. तयार सदरा लावतो. सगळ्यांना एकच माप. याचा स्वतःचा, याच्या कंपनीनं दिलेला, मापाचा ड्रायव्हर होता जुन्या कॉम्प्युटरवर. तो लाव."

तिनं टेबलाखालून एक पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून सीडी. पिशवीत नीट गुंडाळलेली, एक ओरखडा नाही. तिनं ती अशी पुढे केली, की आता वाद संपला. झालंचनं सीडीकडे पाहिलं. मग कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग मावशीकडे पाहिलं. नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला तोंडच नव्हतं.

"तोंड नाही?" मावशी म्हणाली. "मग हा खातो काय?"

झालंचला हसू आवरेना, आणि तिथून तो जरा आमच्या बाजूला झाला. खुर्ची ओढून म्हणाला, "नेटवर मिळेल. झालंच समजा." त्यानं शोधलं, आणि पहिल्याच पानावर एवढं मोठ्ठं हिरवं बटण : तुमचा ड्रायव्हर आम्ही शोधून देतो! त्यानं टिचकी मारली. मावशी म्हणाली, "अरे, कुणाचं आहे हे? आपण माउसच्या कंपनीकडे आलोय का?" तो म्हणाला, "सगळे इथूनच घेतात."

पुढच्या पाच मिनिटांत जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पडदा लाल झाला. कॉम्प्युटरमध्ये शेकडो धोके आहेत, असं कॉम्प्युटरच ओरडायला लागला. कोपऱ्यात एक घड्याळ उलटं मोजायला लागलं. आणि मग स्पीकरमधून एक गोड आवाजाची बाई बोलायला लागली : अभिनंदन, तुमची निवड झाली आहे! आकाशवाणी मशीन सोडून धावत आली. "कुणाची निवड झालीऽऽ?" झालंच वायरी उपटत होता. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आणि मावशी हाताची घडी घालून त्या लाल पडद्याकडे पाहत म्हणाली, "ही बाई माझ्या खुर्चीवर बसायच्या आत बाहेर काढ तिला."

काढता काढता दुपार झाली. पण झालंच चिकाटीचा, हे मान्य करायला हवं. घामानं निथळत होता, तरी गेला नाही. "आता कंपनीच्याच पानावर जाऊ," म्हणाला. गेलो. तिथे माउसची यादी. सगळे जाड्याचे सख्खे चुलत. जाडे, कमी जाडे, वायरवाले, सगळे पिवळट पडायच्या आधीच्या रूपात. "मॉडेल नंबर काय?" त्यानं विचारलं. "खाली लेबलवर असतो."

मावशीनं जाड्या उलटा केला.

खाली लेबल दिसतच नव्हतं. खाली होता वेल्वेटचा एक गडद निळा तुकडा, पोटभर चिकटवलेला. जाड्या टेबलावर खरखरायचा, म्हणून मावशीनं कधीकाळी कापडाच्या गोंदानं चिकटवला होता. माउसच्या पोटातला दिवा येतो तेवढ्यापुरती मधे गोल खिडकी कातरून ठेवली होती, कडेला सुबक टाकाही घातला होता. जगात दुसऱ्या कुणी माउसला अस्तर लावलं असेल असं मला वाटत नाही.

"सोल," मावशी म्हणाली. झालंचनं पेचकसानं कड उचलली आणि हळूहळू ओढलं. वेल्वेट निघालं. खाली लेबल होतं. चकचकीत, पांढरं, कोरं. एक अक्षर नाही.

मी ओरडलेच. झालंचनं डोक्याला हात लावला. म्हणजे आता यादीतल्या प्रत्येक भावाचा ड्रायव्हर एकेक लावून बघायचा? शनिवार उद्यावर आला होता!

मावशीनं मात्र सोललेलं वेल्वेट उचललं आणि गोंदाची बाजू उजेडाकडे धरली. गोंदानं लेबलवरची सगळी शाई उचलून घेतली होती. नंबर होता, पण आरशातल्यासारखा उलटा. मी फोन काढला, फोटो काढून उलटा करावा म्हणून, तोवर मावशी नंबर वाचूनही मोकळी. अक्षरं, आकडे, शेवटचं छोटं 'बी'सुद्धा. "दिवसभर कापडाची मागची बाजू बघते मी," ती म्हणाली. "मला सरळच कमी वाचता येतं."

नंबर मिळाला तरी गाडं अडलंच. झालंच म्हणाला, सगळ्यात नवा ड्रायव्हर घेऊ, नवा तो चांगला. घेतला, लावला, आणि पडद्यावर चौकट आली : माउस सापडला नाही. आणि खाली बटण : ठीक आहे. झालंचनं ते 'ठीक आहे' दाबलं. कशानं? माउसनं! मी हसत हसत खुर्चीवरून खाली आले. मावशी हसली नाही. ती पडद्याजवळ तोंड नेऊन यादी वाचत होती.

"हा नव्या माउससाठी आहे. आपला 'बी' आहे. खाली 'जुन्या आवृत्त्या' लिहिलंय बघ. तिथे जा. तिथे 'बी' आहे."

तिथे 'बी' होता. आणि 'बी'चे पुन्हा दोन : एक जुन्या बत्तीस बिटच्या कॉम्प्युटरसाठी, एक चौसष्टसाठी. हे मात्र झालंचला चोख माहीत होतं. "नवा कॉम्प्युटर चौसष्टचाच. आणि आधीचा चुकीचा काढून टाकायचा, बंद करून चालू करायचा, मगच हा लावायचा. नाहीतर दोघं आत भांडत बसतात." तसं केलं. बंद, चालू, लावला, पुन्हा बंद, पुन्हा चालू. खाली कोपऱ्यात जाड्याचंच एवढंसं चित्र उगवलं. झालंचनं मोठ्ठा श्वास घेतला, पण 'झालंच' म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. त्याला दुसरीकडून फोनवर फोन येत होते. तो पिशवी उचलून पळाला.

राहिलो मी आणि मावशी. आकाशवाणीचं मशीन पलीकडे धडधडत होतं.

मावशीनं ते छोटं चित्र उघडलं. आत खिडकी, आणि खिडकीत सरकवायच्या पट्ट्या. दोन टिचक्यांमध्ये किती अंतर धरायचं. बारीक हालचाल किती गाळायची. मावशीनं एकही पट्टी वाचली नाही. स्वतःच्या घरात अंधारात दिव्याचं बटण सापडावं, तशी ती एकेक पट्टी सरकवत गेली. सगळ्या शेवटच्या टोकाला. अगदी भिंतीला टेकेपर्यंत.

"मावशी, एवढ्या टोकाला कशाला?"

"हात हलतो म्हणून."

मी हसले. मला वाटलं ती भाजीवाल्या काकूंची नक्कल करतेय. मग मी तिच्याकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी थिजलं.

तिनं उजवा हात पालथा करून माझ्यासमोर धरला आणि त्यावर टेबलावरचा एक कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. पंखा बंद होता, खिडकी बंद होती. कागदाची कड वेगात, बारीक, थांबायचं नाव न घेता फडफडत होती.

"कधीपासून?"

"तुझ्याएवढी होते तेव्हापासून."

मी खुर्चीत बसले.

"डॉक्टर?"

"दाखवलं ना. दुखणं नाही म्हणाले, ठेवणच तशी. वाढतही नाही, जातही नाही. चष्म्यासारखं. कुणाला कळू दिलं नाही इतकंच. या पट्ट्या शोधल्या आणि माझ्या हाताच्या मापाच्या करून घेतल्या. हलणं गाळायचं, एकाच जागी दुसरी टिचकी पडली तर धरायची नाही. झालं." मग ती पडद्याकडे बघत म्हणाली, "पण हा आठवडा मीसुद्धा घाबरले होते हो. ड्रायव्हर ड्रायव्हर म्हणत होते, पण रात्री वाटायचं, वाढलं असलं तर?"

मला मात्र दुसराच धक्का पचत नव्हता. मी, जी मालकांची भुवई कधी उडते ते ओळखते, भाजीवाल्या काकूंचे श्वास मोजते, मी मावशीची नक्कल इतकी वर्षं करत आले! हाताची घडी, जी मला तोरा वाटायची. चहाचे न उचललेले पेले. सहीच्या आधी टेकवलेली मूठ. सगळं माझ्या अंगात बसलं होतं, चोख, हनुवटीसकट. आणि ते कशासाठी आहे याचा मला पत्ता नव्हता!

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"आईलापण नाही?!"

"ओरडू नकोस. आकाशवाणीला तुझ्यापेक्षा बरं ऐकू येतं."

मग तिनं जाड्या हातात घेतला, अस्तर परत चिकटवलेला, आणि पंखाच्या कडेवर एक टिचकी मारली. एक टाका पडला. एकच. दुसरी मारली. एकच. तिनं डोळे मिटून घेतले आणि उघडले, आणि मग संध्याकाळपर्यंत ती टिचक्या मारत बसली.

घरी येताना जिन्यात मी विचारलं, "आता उद्या नमुना नीट उतरला की विषय संपला. हो ना?"

"मालकांना सांगणार आहे मी."

"काय?! का पण? जिंकल्यावर कुणी सांगतं?"

"उद्या पुन्हा कुणीतरी नवा कॉम्प्युटर आणील, पुन्हा कुणी 'झालंच' म्हणून जाईल. दर वेळी मी रात्रभर घाबरत बसू?"

"तू नाही सांगणार. मी तुला ओळखते. अख्ख्या कारखान्यासमोर तर नाहीच नाही."

"लाव पैज."

लावली. ती हरली तर मी कारखान्यात सगळ्यांसमोर तिची नक्कल करायची आणि तिनं टाळ्या वाजवायच्या. मी हरले तर अख्खा दिवस कुणाचीही नक्कल नाही, फक्त माझा स्वतःचा आवाज. मला काळजीच नव्हती. मी मनातल्या मनात हनुवटी वर घ्यायला सुरुवात केली.

शनिवारी मशीन सुरू झालं तेव्हा धागे कापणाऱ्या मुलींनीसुद्धा कातऱ्या खाली ठेवल्या. शेपूट झालं. पोट झालं. पंख सुरू झाला आणि आकाशवाणी चक्क गप्प होती, जे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पंखाचं टोक आलं. प्रत्येक धडधडीला मी 'टक्'ची वाट बघत होते. टोक गेलं. डोळा झाला, चोच झाली, मशीननं दोरा कापला आणि थांबलं. सुई शाबूत. क्लबवाल्यांनी बिल्ला उलटासुलटा केला, अंगठा फिरवला, आणि हाच हवा म्हणून सांगून गेले.

मालक फुलून आले. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, दोष कॉम्प्युटरचा! बाईंच्या हाताला काही झालेलं नाही! कोण पसरवतं असल्या गोष्टी?" आणि त्यांनी आकाशवाणीकडे असं पाहिलं की ती मशीनमागे गेली. "हात दगडासारखा आहे बाईंचा, काय म्हणतो मी?"

मी मावशीकडे पाहिलं. हाताची घडी. हनुवटी वर. यापेक्षा सोपी पैज कधी कुणी जिंकली नसेल. मालक स्वतःच तिच्या वतीनं खोटं बोलून मोकळे झाले होते, तिला नुसतं गप्प राहायचं होतं.

मावशीनं हाताची घडी सोडली.

"दगडासारखा नाही, मालक," ती म्हणाली, आणि तिनं उजवा हात पुढे केला. टेबलावरची आधीच्या कामातली एक टोपी उचलून टोकाशी धरली. टोपीची बारीक पट्टी थरथरायला लागली. थांबेना. कातऱ्या खाली ठेवलेल्या मुली तशाच. आकाशवाणीचं डोकं मशीनमागून वर आलं. मालकांचं तोंड उघडं, आणि त्यातून 'काय म्हणतो मी' निघेना.

"हा पहिल्यापासून असाच आहे. तुमच्याकडे लागले तेव्हाही असाच होता. तुमची प्रत्येक टोपी याच हातानं काढलीय. मला फक्त माझा ड्रायव्हर लागतो, माझ्या मापाचा. चष्मा लागलेल्या माणसाचा चष्मा आपण न विचारता बदलतो का? मग या कॉम्प्युटरला मला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

मालकांनी टोपी तिच्या हातातून घेतली. उलटी केली. आतले टाके पाहिले. पुन्हा तिच्या हाताकडे पाहिलं, पुन्हा टाक्यांकडे. असं दोनतीनदा झालं. मला वाटलं आता ते टेबलाकडे, दाराजवळच्या त्या लांब टेबलाकडे बोट दाखवणार.

"एवढ्या हजारो टोप्या," ते स्वतःशीच पुटपुटले. मग घसा साफ करून म्हणाले, "बाई, टोपीचं डिझाइन संध्याकाळपर्यंत होईल?"

"दुपारी होईल."

"कॉम्प्युटरला कुणी हात लावू नका रे," मालक सगळ्यांना म्हणाले, आणि त्यापुढे 'काय म्हणतो मी' न लावताच निघून गेले.

मावशी खुर्चीवर बसली, जाड्यावर हात ठेवला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी मालकांच्या आवाजात उत्तर द्यायला तोंड उघडलं, आठवलं, मिटलं.

"हरले," मी माझ्याच आवाजात म्हणाले.

आकाशवाणी पलीकडून ओरडली, "काय गं, घसा बसलाय का तुझाऽऽ?"